घराभोंवतींचीं घरटीं

शेतकऱ्याच्या घराचा उतारा काढला तर त्यांत कब्जेदार म्हणून घरधन्याचें व त्याच्या भाऊबंदांचें नांव सांपडेल, आणि बोजा म्हणून सोसायटीचें. परंतु त्याच घराच्या वळचणीला, गोठ्याच्या आढ्याला, परड्यांतील जास्वंदीला आणि विहिरीवरील बाभळीला जीं कुळें पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट करीत आलीं आहेत त्यांची नोंद कोणत्याही दप्तरांत नाहीं. चिमण्या, साळुंक्या, बुलबुल, शिंपी, कोतवाल, सुगरण, पिंगळे आणि घुबडें हीं तीं कुळें होत. तीं खंड कांहीं देत नाहींत, उलट धान्य मात्र खातात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत कितपत खरी आहे हें ठरविण्याचा साधा मार्ग एकच. तो म्हणजे वर्षभर त्यांच्या घरट्यांकडे लक्षपूर्वक पाहणें व जें पाहिलें तें लिहून ठेवणें. प्रस्तुत लेखाचा हेतु तेवढाच आहे.

मी महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला मनुष्य आहें. पक्षिशास्त्राचें शिक्षण मला नाहीं. पीकपाहणीच्या नोंदी हाताळण्यांत आयुष्य गेलें, त्यावरून एक गोष्ट मात्र मनावर ठसली. जागेवर न जातां लिहिलेली नोंद कधीं ना कधीं गोत्यांत आणल्याशिवाय राहात नाहीं. पक्ष्यांविषयींचे आपले बहुतेक शेरे असेच ओटीवर बसून मारलेले असतात. घुबड अशुभ, टिटवी अपशकुनी, चिमणी चोर, कावळा लबाड. एवढें लिहून आपण प्रकरण निकालीं काढतों. फेरतपासणी कोणी करीत नाहीं.

पाहण्याची रीत

घरटें पाहण्यास दुर्बीण असल्यास उत्तम, नसल्यास अडत नाहीं. मुख्य भांडवल म्हणजे रोज अर्धा तास स्वस्थ बसण्याची तयारी. सकाळीं गुरें सोडण्यापूर्वीचा व सायंकाळीं धारांपूर्वीचा वेळ यास सर्वांत सोयीचा. घरट्यापासून पंधरा-वीस फूट अंतरावर, रोज एकाच जागीं, हालचाल न करतां बसावें. दोन-तीन दिवसांत पक्ष्यांस आपली संवय होते व तीं आपला व्यवहार पूर्ववत् चालू ठेवतात.

फांद्या बाजूला सारून घरट्यांत डोकावण्याचा मोह मात्र आवरावा. आपण जेथें वरचेवर जातों तेथें कावळ्याचें व मांजराचें लक्ष जातें, आणि आपण पाठ फिरवितांच तीं आपलें काम साधून घेतात. अंड्यांस हात लावूं नये. पिसें फुटलेलें पिलूं खालीं पडलेलें दिसल्यास तें जवळच्याच उंच फांदीवर ठेवून दूर व्हावें. आईबाप तेथें येऊन त्यास चारतात. पिसें न फुटलेलें पिलूं असेल तर तें अलगद उचलून घरट्यांत ठेवावें. मनुष्याचा हात लागलेलें पिलूं पक्षी टाकून देतात हा समज खरा नाहीं.

एका घरट्याची नोंद

आमच्या ओटीसमोरील जास्वंदींत गेल्या चैत्रांत बुलबुलाच्या जोडीनें घरटें बांधलें. त्याची नोंद नमुन्यादाखल देतों. पहिल्या दिवशीं मादी कोरड्या काड्या घेऊन आली. नर जवळच्या तारेवर बसून राखण करीत होता. पांचव्या दिवशीं चहाच्या बशीएवढी वाटी तयार झाली, आणि बारीक मुळांचें अस्तर लागलें. सातव्या, आठव्या व नवव्या दिवशीं एक एक अंडें पडलें. अंडें फिकट गुलाबी, वर तांबूस ठिपके. बाविसाव्या दिवशीं दोन पिलें बाहेर आलीं व दुसऱ्या दिवशीं तिसरें. एकोणतिसाव्या दिवशीं सकाळीं दोनच पिलें दिसलीं. शेजारचें मांजर पहाटे कुंपणावरून उतरतांना घरांतील मंडळींनीं पाहिलें होतें. चौतिसाव्या दिवशीं उरलेलीं दोन पिलें उडून शेवग्यावर जाऊन बसलीं. त्यानंतरही कित्येक दिवस आईबाप त्यांस भरवीत होते.

या नोंदींतील महत्त्वाची बाब चाऱ्याची आहे. बुलबुल स्वतः फळें व कीटक दोन्ही खातो. पिकलेल्या पेरूवर आणि डाळिंबावर त्याची चोंच लागते, हें बागायतदारांस सांगावयास नको. परंतु पिलें लहान असतांना जोडीच्या चोंचींत वरचेवर दिसे ती अळी, टोळाचें बाळ, नाकतोडा किंवा पतंग. नुसत्या फळांवर पिलाचें अंग भरत नाहीं. धान्य खाणाऱ्या चिमणीचेंही असेंच आहे. तीही पिलांस सुरुवातीचे दिवस बहुतांशीं किड्यांवरच पोसते. चिमणीचीं पिलें साधारणपणें पंधरा दिवस घरट्यांत असतात, आणि अशीं कुटुंबें तिला वर्षांत दोन-तीन वेळां होतात. वळचणीला चिमण्यांचीं चार घरटीं असलीं म्हणजे परसांतील भाजीवरून किती अळ्या उचलल्या जात असतील, याचा अंदाज ज्यानें त्यानें अर्धा तास खेपा मोजून करावा.

कोण कोठें राहतो

प्रत्येक पक्ष्याची जागेची निवड ठरलेली असते. चिमणी, साळुंकी व दयाळ यांस भोंक किंवा खबदाड लागतें. साळुंकीचीं अंडीं निळीं, चार ते पांच, आणि घरट्यांत दोऱ्या, चिंध्या, कागद, क्वचित् सापाची कातही असते. शिंपी हा बोटभर पक्षी एक-दोन रुंद पानें चोंचीनें टोंचून कापसाच्या किंवा कोळिष्टकाच्या धाग्यानें शिवतो व त्या खिशांत घरटें करतो. वांग्याच्या, अंजिराच्या किंवा जास्वंदीच्या पानांत तें बहुधा सांपडतें. शिंजिराची मादी कोळिष्टकें, सालींचे तुकडे व केरकचरा जमवून लांबट पिशवी विणते व ती ओटीवरील तारेलासुद्धां टांगते. पहिल्या दृष्टींत तें जळमटच वाटतें, म्हणून दिवाळीच्या झाडझुडीप्रमाणें वाटेल तेव्हां जळमटें काढतांना आंत कोणी राहात नाहीं ना, एवढें पाहून मग केरसुणी लावावी.

कोतवालाची वर्तणूक विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. तो उंच फांदीच्या बेचक्यांत उथळ वाटी करतो आणि तिच्या आसपास कावळा, घार किंवा शिक्रा आल्यास त्याच्या पाठीवर चोंच मारून त्यास हांकलून लावतो. त्यामुळें होले, बुलबुल व हळद्या यांसारखे गरीब पक्षी त्याच झाडावर आपला संसार थाटतात. लोकांनीं त्यास कोतवाल हें नांव दिलें तें पाहूनच दिलें असावें. गुरांच्या पाठीवर बसून गवतांतून उठणारे किडे टिपणारा हा पक्षी खळ्यांतील एक दाणाही खात नाहीं.

हंगामही ज्याचा त्याचा निराळा. पिंगळ्याचा संसार कार्तिकापासून चैत्रापर्यंत चालतो. कावळा चैत्र-वैशाखांत काड्या जमवूं लागतो, आणि त्याच सुमारास कोकिळा त्याच्या घरट्यांत आपलीं अंडीं घालावयास टपलेली असते. कुहू कुहू असा सूर लावणारा काळा कुळकुळीत पक्षी हा नर. मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची असते. साळुंकी व कोतवाल उन्हाळ्याच्या तोंडापासून पावसाळा अर्धा सरेपर्यंत घरटीं करतात. सुगरण मात्र पावसाची वाट पाहते.

सुगरणीचें प्रकरण

विहिरीवर ओणवलेल्या बाभळीला किंवा शिंदीला लोंबणारे खोपे कोणी पाहिले नाहींत असा शेतकरी विरळा. हे खोपे कोण बांधतो, याविषयीं मात्र बहुतेकांचा समज उलटा असतो. सुगरण हा शब्दच स्त्रीलिंगी. खानदेशांतील असोद्याच्या कन्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनींही आपल्या प्रसिद्ध कवितेंत खोप्याचें श्रेय मादीलाच दिलें आहे. वस्तुस्थिति अशी आहे कीं, विणकाम नराचें असतें.

ही गोष्ट नीट उलगडून दाखविण्याचें काम आपल्याच कोंकणपट्टींत, घराजवळच्या झाडांवरील खोप्यांकडे नुसतें पाहात राहून झालें. डॉ. सलीम अली (१८९६–१९८७) हे १९३० सालीं अलिबागजवळील किहीम येथें राहात होते. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. त्यांनीं पावसाळाभर ती वसाहत न्याहाळली व आपले निष्कर्ष मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत १९३१ सालीं प्रसिद्ध केले. नर गवताचें किंवा भाताचें पातें एका कडेनें चोंचीनें चिरतो, त्याचा लांब धागा ओढून काढतो व गांठी मारीत खोपा विणतो. खोपा अर्धा झाला म्हणजे काम थांबतें. मग माद्या येऊन पाहणी करितात. एखादीस काम पसंत पडलें तर ती तेथें वस्ती करते, आणि मगच नर अंड्यांची खोली व खालीं लोंबणारी नळी पुरी करतो. तेवढें झालें कीं तो शेजारीं दुसरा खोपा सुरू करून दुसऱ्या मादीची वाट पाहूं लागतो. जो खोपा कोणीच पसंत केला नाहीं तो अर्धवट लोंबत राहतो. आपल्या बाभळीवर टोपीच्या आकाराचे जे अपुरे खोपे दिसतात त्यांचें कारण हें.

तथापि बहिणाबाईंनीं मादीला मान दिला तो अस्थानीं होता असें म्हणतां येणार नाहीं. अंडीं उबविणें सर्वस्वीं तिच्याकडे असतें, आणि पिलांस भरविण्याचा भारही मुख्यतः तिच्याच अंगावर पडतो. खोप्याच्या आंत मातीचे गोळे थापलेले असतात. उजेडासाठीं त्यांत काजवे खोंचतात असें जुनीं माणसें सांगत. पाडलेला रिकामा खोपा उघडून पाहणाऱ्यास मात्र वाळलेल्या चिखलाशिवाय तेथें कांहीं सांपडत नाहीं.

सुगरण बाजरीच्या व भाताच्या कणसांवर पडते, हें नाकबूल करण्यांत अर्थ नाहीं. थवा मोठा असेल व शेत एकाकी असेल तर नुकसान डोळ्यांत भरण्याजोगें होतें. त्यावर उपाय म्हणजे दाणा दुधांत येतो तेव्हांपासून काढणीपर्यंत जोराची राखण, एका शिवारांत पेरणी शक्य तों एकाच वेळीं करणें आणि पिकलेलें पीक उभें न ठेवणें. खोपे पाडून हा प्रश्न सुटत नाहीं. नर पुन्हा विणावयास लागतो, आणि त्याच पावसाळ्यांत पिलांसाठीं जे टोळ व नाकतोडे उचलले गेले असते ते मात्र पिकांत शिल्लक राहतात.

टिटवीचीं अंडीं

टिटवी घरटें म्हणून कांहीं बांधतच नाहीं. उघड्या रानांत, ढेकळांत किंवा मुरमाड जागेंत खळगा करून, भोंवतीं चार खडे मांडून ती बहुधा चार अंडीं घालते. अंड्यांचा रंग मातीचा, वर काळे डाग, आणि निमुळतीं टोंकें आंत वळविलेलीं. दोन हातांवर असूनही तीं दिसत नाहींत. अंडीं उबावयास सुमारें चार आठवडे लागतात, आणि तो काळ नेमका नांगरटीचा व पाळीचा असतो. भर उन्हांत टिटवी पाण्यावर जाऊन पोटाचीं पिसें भिजवून येते व अंड्यांवर उभी राहून त्यांस निववते.

टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडूं लागली म्हणजे अपशकुन झाला असें न मानतां अंडीं जवळ आहेत असें समजावें. औत थांबवून दोन मिनिटें शोधावें, चार काटक्या रोंवून खूण करावी व हातभर जागा सोडून नांगर पुढें न्यावा. ट्रॅक्टरवाल्यास आधीं सांगून ठेवणें अधिक बरें, कारण यंत्रावर बसलेल्यास ती ओरड ऐकूं येत नाहीं. एका खळग्यापायीं जमीन जाते ती फार तर एका पाटीखालीं झांकण्याइतकी, तीही महिनाभर. पिलें अंड्यांतून बाहेर पडल्यावर लवकरच आईमागें चालूं लागतात आणि जागा मोकळी होते. हा पक्षी दाण्याला तोंड लावीत नाहीं म्हटलें तरी चालेल. त्याचा बहुतेक चारा म्हणजे जमिनींतील किडे, मुंग्या व गोगलगाई.

घुबड, उंदीर आणि विष

आतां सर्वांत महत्त्वाच्या बाबीकडे येऊं. आमच्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर गव्हाणी घुबडाची जोडी राहते. पांढुरका, बदामाच्या आकाराचा चेहरा, काळे डोळे, आणि उडतांना पंखाचा आवाज म्हणून नाहीं. दोन वर्षांपूर्वीं धाकट्या भावाच्या मुलानें माळा साफ करून ही जोडी घालवून देण्याचा व गव्हाच्या रानांत उंदरांसाठीं विषाचीं आमिषें टाकण्याचा बेत केला. घरांतील वडील स्त्रियांचा त्याला पाठिंबा होता, कारण रात्रीं येणाऱ्या फुसफुसाटानें लहान मुलें दचकत असत.

“तात्या, उंदरांनीं निम्मी ओंबी बिळांत नेली. यंदा विष टाकल्यावांचून सोडणार नाहीं.”

“टाकूं नको असें मी म्हणत नाहीं. पण आधीं आठ दिवस माझें ऐक. माळ्यावर त्या घुबडांच्या बसण्याखालीं गोळ्या पडतात, त्या मला आणून दे.”

“त्या घाणीचें काय करणार?”

“मोजणार.”

घुबड आपलें भक्ष्य बहुधा सबंध गिळतें. हाडें व केंस पचत नाहींत. त्यांची गोळी करून तें तोंडावाटें टाकून देतें. ती गोळी कोमट पाण्यांत भिजवून काडीनें सोडविली कीं आंतील कवट्या स्वच्छ वेगळ्या होतात. उंदराचे पुढचे दांत लांब, पिवळसर व वांकडे, चिचुंद्रीचें तोंड निमुळतें, पक्ष्याला चोंच. ओळखण्यांत चूक होण्याचें कारण नाहीं. आठ दिवसांच्या गोळ्या पत्र्यावर सोडवून आम्ही ओळीनें मांडल्या. उंदरांची ओळ एवढी लांब झाली कीं मुलानें पुढें वाद घातला नाहीं. माझें म्हणणें वाचकांनीं प्रमाण मानूं नये. ज्याच्या घरीं घुबड असेल त्यानें हा हिशेब स्वतः करून पाहावा.

गव्हाणी घुबड एका वेळीं चार ते सात अंडीं घालतें, आणि पहिलें अंडें पडतांच उबवावयास बसतें. म्हणून एकाच घरट्यांत थोरलें पिलूं अंगानें भरलेलें व धाकटें नुसता लोकरीचा गोळा, असा प्रकार दिसतो. सर्वांत धाकट्याचें जगणें चारा किती येतो यावर असतें. उंदीर पुष्कळ असलेल्या वर्षीं सगळीं वांचतात. टंचाईच्या वर्षीं एकदोनच. थोडक्यांत, उंदरांची पैदास वाढली कीं त्यांच्या वैऱ्याचीही वाढते. इस्राएलांतील स्दे एलियाहू येथें १९८३ पासून शेतांत घुबडांसाठीं पेट्या लावण्यास सुरुवात झाली, व मलेशियांत तेलताडाच्या मळ्यांतही हा उपाय अवलंबिला गेला, तो याच कारणानें.

विषाचा प्रश्न येथें आड येतो. ब्रोमाडिओलोनसारखीं जीं औषधें रक्त गोठूं देत नाहींत त्यांनीं उंदीर ताबडतोब मरत नाहीं. कांहीं दिवस तो मंदपणें हिंडत राहतो. असा उंदीर घुबडास प्रथम सांपडतो आणि विष घुबडाच्या पोटांत जातें. म्हणजे रात्रपाळीचा बिनपगारी राखणदार आपण आपल्याच हातानें मारतों. उंदीर पुन्हा दोन-तीन महिन्यांत वाढतात. घुबडाची जोडी इतक्या लवकर परत येत नाहीं.

आमच्या घरीं जो तोडगा निघाला तो असा. माळ्यावरील जोडी ठेवावयाची, मुलांची निजण्याची जागा खालच्या सोप्यांत हलवावयाची, बांधावरील बिळें खणून बुजवावयाचीं, सांपळे लावावयाचे, व विष वापरण्याची पाळी आलीच तर कृषि अधिकाऱ्याच्या सल्ल्यानें, जितीं बिळें ओळखून त्यांच्या आंत, उघड्यावर कधींही नाहीं, आणि मेलेले उंदीर रोज सकाळीं गोळा करून खोल पुरावयाचे. उंदीर निःशेष झाले असें म्हणतां येत नाहीं. परंतु त्यानंतरच्या दोन्ही रब्बींत विषाची पुडी फोडावी लागली नाहीं, आणि वडील स्त्रियांनींही घुबड हें लक्ष्मीचें वाहन असल्याचें आपण होऊन सांगण्यास प्रारंभ केला आहे.

जागा कोठें उरली?

पक्षी कमी झाले अशी ओरड सर्वत्र ऐकूं येते. औषधांचा अतिरेक हें एक कारण आहेच. परंतु दुसरें कारण आपल्या डोळ्यांसमोर असून दिसत नाहीं. मातीच्या भिंती, धाब्याचीं घरें, कौलांखालचीं वळचण, कोनाडे व तुळयांचीं टोंकें गेलीं आणि गुळगुळीत सिमेंटाचें घर आलें. त्यांत मनुष्यास सोय झाली, चिमणीस मात्र एक बोटभर फट राहिली नाहीं. बांधावरील जुनीं झाडें तोडलीं गेलीं तेव्हां पोपट, तांबट व पिंगळे यांच्या ढोल्या त्यांबरोबर गेल्या. चिऊ-काऊच्या गोष्टींत घर वाहून जातें तें कावळ्याचें. प्रत्यक्षांत पाळी चिमणीवर आली आहे.

यास उपाय खर्चाचा नाहीं. चिमणीसाठीं तळ सहा इंच चौरस व उंची नऊ-दहा इंच अशी जुन्या फळ्यांची पेटी करावी. दर्शनी बाजूस तळापासून सहा इंचांवर सव्वा इंच व्यासाचें भोंक पाडावें. याहून मोठें केल्यास साळुंकी ती जागा बळकावते. आंत रंग लावूं नये, बाहेर बसण्यास दांडी ठेवूं नये, कारण ती शत्रूच्याच उपयोगी पडते. पेटी आठ-दहा फूट उंचीवर, दुपारचें ऊन न लागेल अशी, पूर्वेस किंवा उत्तरेस तोंड करून टांगावी. साळुंकीसाठीं भोंक दोन इंचांचें पुरे. मोठ्या घुबडाच्या पेटीचें दार सहा इंचांचें लागतें. पिलें उडून गेल्यावर पेटी एकदां झाडून घ्यावी. पहिल्या वर्षीं कोणी फिरकलें नाहीं तरी ती काढूं नये. पेटीपेक्षांही बांधावरची एक जुनी बाभूळ किंवा कडुलिंब राखणें अधिक मोलाचें आहे, हें वेगळें सांगावयास नको.

चिमणीला पिकाची वैरीण ठरवून काय होतें याचा दाखला चीन देशानें दिला आहे. तेथें १९५८ सालीं सरकारी मोहीम काढून चिमण्यांचा संहार करण्यांत आला. चिमण्या गेल्या, परंतु त्यांच्या धाकांत असलेले कीटक माजले, आणि १९६० सालीं चिमणीचें नांव मोहिमेंतून काढून तेथें ढेकणाचें घालावें लागलें.

कायद्याची बाजू

वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक नसेल, म्हणून सांगतों. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यांत शिकारीची जी व्याख्या आहे तींत पक्ष्यांचीं अंडीं व घरटीं नासणें किंवा त्यांस उपद्रव देणें हेंही येतें. ढोलींतून पोपटाचीं पिलें काढून पिंजऱ्यांत घालणें हा गुन्हा आहे, मग तीं विकावयाचीं असोत वा घरीं पाळावयाचीं. कावळा पूर्वीं या कायद्यानें उपद्रवी ठरविला होता. २०२२ च्या दुरुस्तीनें, जी १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आली, तें परिशिष्टच रद्द झालें. पितृपक्षांत ज्याची आपण वाट पाहतों त्याच्यावरील शेरा अशा रीतीनें उशिरां कां होईना, कमी झाला.

नोंदवही कशी ठेवावी

एक साधी वही घेऊन तींत सहा रकाने आंखावे: पक्ष्याचें नांव, जागा व जमिनीपासून उंची, घरट्यास सुरुवात झाल्याची तारीख, पहिलें पिलूं दिसल्याची तारीख, किती पिलें उडालीं, शेरा. शेऱ्यांत चाऱ्याविषयीं जरूर लिहावें. नांव ठाऊक नसल्यास रंग, आकार व आवाज लिहावा. नांव मागाहून मिळतें. घरांतील शाळकरी मुलांस ही वही सोंपविल्यास काम अधिक चोख होतें, कारण त्यांचे डोळे तीक्ष्ण असतात व त्यांस आधींचे पूर्वग्रह नसतात.

अशा वहीनें जुन्या आडाख्यांचीही परीक्षा करतां येईल. कावळ्यानें काटेरी किंवा वाळलेल्या झाडावर घर केलें तर पाऊस कमी, चांगल्या भरदार झाडावर केलें तर सुकाळ, असें आपले वाडवडील सांगत आले. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतही कावळ्याच्या घरट्यावरून सुकाळ-दुष्काळाचें भाकित केलेलें आहे. हें खरें कीं खोटें यावर चावडीवर वाद घालण्यापेक्षां दहा वर्षें घरट्याचें झाड व दिशा लिहावी, आणि महसूल मंडळांतील पर्जन्यमापकाचे आंकडे तहसील कचेरींतून घेऊन शेजारीं मांडावे. उत्तर कागदावर आपोआप दिसेल.

राज्यांत ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून २०२० पासून पाळला जातो. पहिला दिवस अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांच्या जन्माचा व शेवटचा सलीम अली यांच्या जन्माचा. त्या सप्ताहांत भाषणें होतात तीं होवोत. शेतकऱ्यासाठीं खरा हंगाम चैत्रापासून भाद्रपदापर्यंतचा, आणि तो त्याच्या अंगणांतच भरतो. आपल्या संस्थेच्या प्रत्येक सभासदानें येत्या हंगामांत एका तरी घरट्याची पहिल्या काडीपासून शेवटच्या पिलापर्यंत नोंद ठेवावी. निरनिराळ्या गांवांच्या अशा नोंदी एकत्र आल्या म्हणजे कोणता पक्षी कोणत्या पिकास किती उपयोगी व किती उपद्रवी, हें आपल्याच शिवाराच्या पुराव्यानें सांगतां येईल. तोंपर्यंत माळ्यावरील घुबड, बांधावरील बाभूळ आणि नांगरापुढील टिटवी यांचा निकाल घाईनें लावूं नये, एवढीच विनंती.